समुद्र तोच, दुपार वेगळी

शाळेच्या परीक्षांची वेळापत्रकं फ्रिजवर चिकटली की पुण्या-मुंबईच्या घरांत एक व्हॉट्सॲप ग्रुप जन्माला येतो. त्याचं नाव 'कोकण मे' असं साधंसुधं असतं. आठवड्याभरात त्याच माणसांचा, एक मेहुणा वगळून, 'कोकण फायनल' नावाचा दुसरा ग्रुप निघतो आणि एप्रिल उजाडेपर्यंत 'कोकण फायनल नवीन'. बोर्डीपासून रेडीपर्यंत महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर किनारा लाभला आहे. त्यातल्या कोणत्या दोन किलोमीटरवर चार दिवस काढायचे, एवढाच काय तो प्रश्न. पण तो सोडवायला नऊ माणसं आणि दोन महिने पुरत नाहीत.

वास्तविक अरबी समुद्र सगळीकडे एकच. अलिबागला तो खारट आणि वेंगुर्ल्याला गोडसर, असा काही प्रकार नाही. पण समुद्राला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मनातून दुसरंच काहीतरी हवं असतं. आजोबांना कुलदैवत हवं. नुसता समुद्र बघायला दोन घाट उतरणं हा त्यांच्या हिशेबी उधळेपणा. वाटेत अभिषेक झाला तर तोच खर्च कर्तव्यात जमा होतो. आजींची अट एकाच शब्दाची: कमोड. काकांना ताजी सुरमई हवी आणि काकूंना सुरमईचा वासही येणार नाही अशी खोली. नववीतल्या मुलीला रेंज हवी. बाबांना सावलीतलं पार्किंग हवं. आईला चार दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही. धाकट्याला वाळू हवी, आणि ती सगळीकडे फुकट मिळत असल्यामुळे त्याचं मत कुणी विचारत नाही.

अशा सभेत गाव कुणी निवडत नाही. सगळ्यांचे नकार पचवून जे शिल्लक राहतं तिथे जायचं असतं. काही घरं मात्र भाग्यवान. गुहागरचा व्याडेश्वर, हरिहरेश्वरचा काळभैरव किंवा वेळणेश्वर हे कित्येक कोकणस्थांचं कुलदैवत, तर गोव्यात मूळ असलेल्या सारस्वतांचा मंगेश नाहीतर कवळ्याची शांतादुर्गा. त्या घरांचं बुकिंग पूर्वजांनीच करून ठेवलेलं आहे. वंशजांनी फक्त एसी की नॉन-एसी एवढं ठरवायचं.

या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही: दुपारी काय?

मे महिन्यात कोकणात सकाळचे नऊ वाजले की वाळू तापायला लागते. अकराला तिच्यावर पाय ठरत नाही आणि संध्याकाळी पाचपर्यंत किनाऱ्यावर कुत्रंही फिरकत नाही. पारा तसा पस्तिशीच्या आतबाहेरच असतो, विदर्भातल्या पाहुण्याला तर तो थंड वाटावा. पण दमटपणा असा की आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा आंघोळीची वेळ होते. थोडक्यात, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात हा समुद्राचा वेळ. चोवीसांतले पाच तास समुद्राचे, उरलेले एकोणीस गावाचे. आणि लोक दोन महिने भांडतात ते त्या पाच तासांवरून.

समुद्राआधी घाट येतो. पुणेकराने घाट निवडला की गाव जवळजवळ निवडून झालेलं असतं. ताम्हिणीने उतरलात तर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वरंध्याने दापोली, कुंभार्लीने गुहागर, आंब्याने गणपतीपुळे आणि रत्नागिरी, गगनबावड्याकडून मालवण, आंबोलीने सावंतवाडी आणि वेंगुर्ला. त्यामुळे घरात ज्याला गाडी लागते त्याच्या हाती खरा व्हेटो असतो. त्याला पुढची सीट मिळते, हातात लिंबू मिळतं, आल्याच्या वडीचा डबा मिळतो, आणि "तुला वरंध्याची वळणं झेपतील ना?" असं सगळे अदबीने विचारतात. दिवेआगर पुण्याहून दीड-पावणेदोनशे किलोमीटर, मालवण पावणेचारशेच्या घरात. पहिल्या ठिकाणी गाडी एकदा थांबवावी लागते. दुसऱ्या ठिकाणी किती वेळा, ते पोटावर अवलंबून.

मुंबईकराला घाटाची चिंता कमी, महामार्गाची जास्त. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे. दरवर्षी मे महिन्यात मागच्या सीटवरून ते विचारतं, "बाबा, हा रस्ता कधी होणार?" बाबा म्हणतात, "गणपतीपर्यंत." कुठल्या वर्षीच्या, ते सांगत नाहीत. शनिवारी सकाळी मुंबईहून निघालेली बरीच कुटुंबं दुपारी माणगावच्या बाजारपेठेत एकमेकांना भेटतात. काहींच्या ओळखी तिथेच होतात.

रस्ता नको म्हणणारे रेल्वेकडे वळतात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावते. पहिल्यांदा प्रवास करणारे समुद्राच्या बाजूची खिडकी पकडण्यासाठी घरात भांडून येतात आणि नव्वदहून अधिक बोगदे बघून उतरतात. त्यात रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. रेल्वे गेली आहे डोंगराच्या पोटातून. महाराष्ट्रात तरी समुद्र तिच्या खिडकीतून जवळजवळ दिसतच नाही. मालवणसाठी कुडाळला उतरा, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरीला, गुहागरसाठी चिपळूणला, दापोलीसाठी खेडला, आणि मग पुढचे तीस-पंचेचाळीस किलोमीटर रिक्षावाल्याशी घासाघीस करत जा. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे घरात एकमत व्हायला दोन महिने जास्त मिळाले. त्याचा उपयोग कुणी केला नाही, ही गोष्ट वेगळी.

नकाशाचेही स्वतःचे विनोद असतात. कोकणात मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याशेजारचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, जिथे महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते. एका गाडीने एक मुरूड लावलं आणि दुसरीने दुसरं, तर दोन्ही गाड्या वेळेवर पोचतात, दोन्हीकडून "आम्ही आलो, तुम्ही कुठे?" असा फोन जातो आणि मध्ये राजपुरीची नि बाणकोटची अशा दोन खाड्या असतात. दापोलीचंही तसंच. 'दापोलीच्या बीचवर' राहायचं म्हणून थेट दापोली गाठणाऱ्याला तिथे बाजारपेठ मिळते, कृषी विद्यापीठ मिळतं, बऱ्यापैकी गार वारा मिळतो. समुद्र मिळत नाही. दापोली आहे डोंगरावर. इंग्रजांची छावणी होती म्हणून तिला 'कॅम्प दापोली' म्हणत. समुद्र हवा तर खाली मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै नाहीतर आंजर्ल्याला उतरावं लागतं.

या सगळ्या प्रवासात नऊच्या नऊ माणसं एकाच वेळी खूश असण्याची एकमेव जागा म्हणजे फेरीबोट. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा. गाडी बोटीवर चढते, माणसं गाडीतून उतरतात, खाडीचा वारा लागतो आणि दहा-पंधरा मिनिटं कुणीही कुणाला काही बोलत नाही. ज्याला गाडी लागते त्यालाही इथे काही होत नाही. काही घरांत मुलांनी 'दिवसभर बोटीवरच जाऊ-येऊ' असा प्रस्ताव मांडल्याचं ऐकिवात आहे, आणि मांडलेल्या प्रस्तावांपैकी तो सर्वात स्वस्त होता.

गाव ठरल्यावरही समुद्र जागेवर सापडेल याची खात्री नसते. मुंबईच्या परिसरात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. दक्षिणेला सरकत गेलं की तो कमी होतो आणि गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास उरतो. म्हणून उत्तरेचा सपाट किनारा ओहोटीला भलताच रुंद होतो. डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल जाते. त्यामुळे लोकलच्या तिकिटात समुद्र म्हणून मुंबईकर बोर्डी-डहाणूला जातात, चिकू खातात, सुरूच्या बनातून टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर येतात आणि बघतात तर समोर चिखलट वाळूचं मैदान. समुद्र कुठेतरी लांब, गुजरातकडे गेल्यासारखा. धाकटा विचारतो, "बंद आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं आणि ते फक्त आजोबांना येतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. ओहोटी नऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पुनवेला आणि अवसेला भरती साधारण दुपारी बाराच्या आगेमागे, आणि ती उधाणाची. अष्टमीची ती भांगाची, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढं चालतं. १९७३ साली 'कालनिर्णय' काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, तेव्हा मराठी घरात समुद्राचं वेळापत्रक खिळ्याला टांगलेलं असतं असं म्हणायला हरकत नाही. नववीतली मुलगी हीच माहिती ॲपवर शोधते. तिला ती आजोबांच्या नंतर मिळते, कारण रेंज नसते.

हे गणित न करणाऱ्यांची गंमत अलिबागला बघायला मिळते. कुलाबा किल्ला समुद्रात आहे, आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. जाताना घोट्याएवढं पाणी असतं, म्हणून लोक खुशाल जातात. सिद्धिविनायकाचं दर्शन घेतात, तटावर फोटो काढतात, गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी आश्चर्य व्यक्त करतात आणि बाहेर येऊन पुन्हा एकदा आश्चर्य व्यक्त करतात, कारण मधल्या वेळात वाट गेलेली असते. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेचा मार्ग खडकांमधून समुद्राकडे उतरतो. भरतीच्या वेळी तिथे जायचंच नाही. संकष्टीला सकाळी नऊच्या ओहोटीत तो मार्ग मोकळा मिळतो, आणि उपासाच्या दिवशी भूक लागायच्या आत पुण्य पदरात पडतं.

आता दुपार. दिवेआगर, गुहागर, दापोलीजवळचं मुरूड, आंजर्लं या गावांची जुनी रचना बघितली तर ती दुपार डोळ्यांसमोर ठेवूनच केली असावी असं वाटतं. मधून एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि घरांमागे वाड्या. पश्चिमेच्या घरांची वाडी थेट समुद्रापर्यंत जाते. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, मागे विहीर, विहिरीचं पाणी पाटाने सुपारीच्या आळ्यांत फिरतं, वर नारळाची झापं. शेवटी गडगा, गडग्यापलीकडे सुरूचं बन आणि मग वाळू. रस्त्यावर अंगाची लाही होत असते तेव्हा वाडीत चार-पाच अंशांचा दिलासा असतो. अंगणात सोलं वाळत असतात, ताटांत आंबापोळी आणि फणसपोळी. त्यांच्यावर बसलेल्या माश्या हाकलण्याचं काम पाहुण्यांच्या मुलांना मिळतं आणि ती ते मन लावून करतात, कारण कडेचा तुकडा पगारात असतो.

अशा घरांच्या पाटीवर 'समुद्र दोन मिनिटांवर' असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नसतं. यजमान अनवाणी, रिकाम्या हाताने, मागच्या दाराने दोन मिनिटांत पोचतात. पाहुण्यांना आधी चपला शोधायच्या असतात. मग सनस्क्रीन, टोपी, बादली-फावडं, पाण्याची बाटली, आजींची घडीची खुर्ची. मग धाकट्याला परत बाथरूमला जायचं असतं. समुद्र दोन मिनिटांवर, निघणं पंचवीस मिनिटांवर.

खोली बघताना शहाणी माणसं खिडकीतून समुद्र दिसतो का ते विचारत नाहीत. इन्व्हर्टर आहे का ते विचारतात. दुपारी दीडला लाइट जाते, पंखा तीन फेरे घेऊन थांबतो आणि एसीच्या खोलीचे जादा पैसे भरलेले लोक एक-एक करत उशी घेऊन ओटीवर येतात. तिथे नॉन-एसीवाले आधीच पसरलेले असतात. कोकणात समता येते ती अशी, दीडच्या सुमाराला.

जेवणाचा कायदाही पाहुण्यांनी समजून घ्यायला हवा. घरगुती खानावळीत जाऊन मेन्यूकार्ड मागायचं नसतं. सकाळी नाश्त्याच्या वेळी दुपारची पानं सांगायची असतात. उकडीचे मोदक हवे असतील तर त्याहून आधी. साडेबाराला पानं मांडली जातात. घावनं, आंबोळ्या, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, आमरस, सोलकढी, आणि "आणखी एक मोदक?" हा प्रश्न, ज्याला नाही म्हणण्याची रीत त्या घरात माहीत नसते. दीड वाजता उशिरा उठून आलेल्या शहरी पाहुण्याला ताक आणि सहानुभूती मिळते. मासे हवे असणाऱ्यांनी या गावांत गल्ली बदलायची, किंवा हर्णैला जायचं. तिथे बोटी लागल्या की मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच होतो. काका तिथे उत्साहाने पुढे होतात, बोली कुठल्या आकड्यावर चालली आहे ते त्यांना कळत नाही आणि आपण एक टोपली घेतली की काय, या भीतीने मागे येतात.

गावागावांची दुपार मग वेगवेगळी निघते. अलिबागची दुपार मुंबईकरांनी भरलेली. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात जाता येतं आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने. मुंबईला कंटाळून अलिबाग गाठण्याची चाल तशी जुनी. १९०४ साली मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यापायी नाजूक उपकरणांची मोजमापं बिघडली असती. शांततेसाठी अलिबागला घर करणारं बहुधा पहिलं मुंबईकर बिऱ्हाड ते. आता मात्र शनिवार-रविवारी वेधशाळेलाच दुसरीकडे जावंसं वाटत असेल. 'अलिबागसे आया है क्या' या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एका अलिबागकराने उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१९ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. हल्ली सोमवारी सकाळी मुंबईच्या कचेऱ्यांत तो प्रश्न अगदी शब्दशः विचारला जातो आणि उत्तर 'हो, जाम ट्रॅफिक होता' असं येतं.

गणपतीपुळ्याची दुपार धार्मिक आणि शैक्षणिक. टेकडी हाच देव, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला. ती सकाळी उरकावी; दुपारी दगड भाजतात. मग जेवून 'प्राचीन कोकण' बघायचं, किंवा मालगुंडला कवी केशवसुतांच्या घरी जायचं. तिथे मराठी माध्यमातून शिकलेले बाबा अचानक भावुक होतात आणि इंग्रजी माध्यमातली मुलं बाबांकडे काळजीने बघतात. इथल्या समुद्राबद्दल मात्र थट्टा नाही. किनारा उतरता आहे, पाण्याला ओढ आहे, आणि बुडाल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. सोसायटीच्या तलावात वीस फेऱ्या मारणाऱ्या काकांना लाटेखालची ओढ ओळखता येत नाही. किनाऱ्यावरचा शहाळेवाला 'पुढे जाऊ नका' म्हणाला की तो हवामान खात्यापेक्षा वरचा अधिकारी समजावा.

मालवणची दुपार निव्वळ पोटाची. सकाळी लवकर उठून तारकर्ली-देवबागला स्कूबा करावं, होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावं. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी असताना मध्ये गोडं कसं, हा प्रश्न मुलं विचारतात आणि मोठे त्यांना 'चल, होडी सुटेल' असं उत्तर देतात. एक वाजता सुरमईचं ताट, तिरफळं घातलेला बांगडा, सोलकढीच्या तीन वाट्या. त्यानंतर पाच वाजेपर्यंत मालवणात बघण्यासारखं काय आहे, हे कुठल्याही पर्यटकाला आजवर जागेपणी कळलेलं नाही.

वाचणाऱ्या माणसाला वेंगुर्ला-शिरोड्याची दुपार मानवते. गर्दी कमी, झाडी जास्त. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला आणि वि. स. खांडेकर तिथल्याच शाळेत शिक्षक होते. शेजारी आरवलीला वेतोबा. देव रात्री गावात फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. आणखी खाली गेलं की गोवा. तिथे मराठी कुटुंब दोन भागांत फुटतं: एक भाग फोंड्याच्या देवळांकडे, दुसरा कळंगुटच्या गर्दीत. दोन्ही भाग एकत्र ठेवायचे असतील तर काणकोणचं पाळोळें बरं. अर्धचंद्राकृती किनारा, त्यामानाने शांत पाणी आणि मडगावच्याही बऱ्याच पुढे असल्यामुळे पोचेपर्यंत भांडायला कुणात त्राण राहत नाही.

गाव निवडताना एकाही सदस्याने कुरकुर केली नाही असं मोठं कुटुंब कोकणाच्या इतिहासात एकच सापडतं, ते ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी राण्या, मुली आणि नोकरचाकरांसह त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याचं मत कुणी विचारलंच नव्हतं. तो तिथे १९१६ साली वारला, म्हणजे मुक्काम तीस वर्षांचा. समुद्र आणि खाडी दिसेल असा राजवाडा १९१० साली बांधून झाला. मनासारखी खोली मिळायला राजालाही चोवीस वर्षं थांबावं लागलं, ही गोष्ट मे महिन्यात रिसेप्शनवर तावातावाने बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तारखांचंही भान हवं. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथलं संवर्धनाचं काम २००२ साली सुरू केलं. पण पिल्लं निघतात ती साधारण मार्च-एप्रिलच्या आसपास, आणि तेव्हा मुलं भूगोलाच्या पेपरला बसलेली असतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. आणि 'पाऊस काय, सात जूनला येतो' असं म्हणून शेवटचा आठवडा निवडणाऱ्यांना २०२५ साली मोसमी पावसाने २५ मेलाच तळकोकणात गाठलं. त्या आठवड्यात सहलीला गेलेल्या लोकांच्या फोटोंत समुद्र कमी आणि पत्त्यांचे डाव जास्त आहेत.

शेवटी नकारांची यादी संपते आणि एक गाव उरतं. आई फोन लावते. पलीकडे मालकीणबाई असतात. मागे कुठेतरी नारळ पडल्याचा आवाज येतो.

"किती माणसं?"

"नऊ."

"लहान धरून की सोडून?"

"धरून. एक कमोडची खोली हवी, खालच्या मजल्यावर."

"आहे. मासे आमच्याकडे होत नाहीत. तिठ्यावर मिळतात, तिकडे खाऊन आलात तर माझी हरकत नाही. मोदक किती?"

"ते आल्यावर सांगितलं तर?"

"आल्यावर सांगितलंत तर आल्यावर नारळ खवायला बसा."

ग्रुपवर मोदकांचं मतदान सुरू होतं. एकवीस की एकतीस, यावर दोन तट पडतात. आई फोन धरूनच असते, आणि ग्रुपमध्ये दोन महिन्यांत कुणाला सुचला नाही तो प्रश्न सहज विचारते.

"काकू, दुपारी काय असतं हो तुमच्याकडे?"

"दुपारी?" मालकीणबाईंना प्रश्नच नीट कळत नाही. "दुपारी आम्ही झोपतो. तुम्हीही झोपा. चारला चहा मिळेल, त्याआधी हाक मारू नका. आणि ॲडव्हान्स पाठवायचा तर आत्ता पाठवा, दुसरी पार्टी थांबली आहे."

मतदान चालू असतानाच आई पैसे पाठवून मोकळी होते.